एलीने मुलाला विचारले
(वस्तीतील तरुणांच्या आवाजाविषयी एक अभ्यास)



लहान शमुवेलाची गोष्ट आपण सर्वांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली आहे. रात्रीची वेळ आहे, मंदिरातला दिवा अजून मालवलेला नाही आणि झोपलेल्या मुलाला हाक ऐकू येते. तीन वेळा तो उठून म्हाताऱ्या एलीकडे धावत जातो. चौथ्या वेळी, एलीने शिकवल्याप्रमाणे, तो परमेश्वराला उत्तर देतो. आपली गोष्ट बहुधा इथेच संपते.

पवित्र शास्त्रात मात्र ती पुढे चालू राहते (१ शमुवेल, अध्याय ३). सकाळ होते. मुलगा मंदिराची दारे उघडतो, पण रात्री ऐकलेले एलीला सांगायला घाबरतो. कारण ते एलीविरुद्धच आहे. एलीचे मुलगे देवाच्या नावाने गैर वागत होते आणि बापाने त्यांना आवरले नव्हते. एली मुलाला जवळ बोलावतो आणि शपथ घालून सांगतो, की काहीही लपवू नकोस. मुलगा सर्व सांगतो. एली रागावत नाही. हे परमेश्वराकडूनच आले आहे, असे म्हणून तो ते स्वीकारतो.

आज हा भाग काढण्याचे कारण आहे. आपल्या युवा गटातील मुलामुलींनी गेले काही महिने नदीकाठच्या वस्तीत घरोघरी जाऊन एक वही भरली आहे. येत्या रविवारी मिस्सानंतर ती वही ते सभागृहात सर्वांसमोर वाचणार आहेत. काही वडीलधाऱ्यांनी आम्हांला विचारले, "फादर, हे चर्चचे काम आहे का? मुलांच्या डोक्यात हे कुणी घातले?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दारात उभ्याउभ्या देण्यापेक्षा थोडा अभ्यास करून द्यावे, म्हणून हा लेख.

पुरानंतरची आमची चूक

३१ ऑगस्ट २०२१ आपल्यापैकी कुणीही विसरलेले नाही. आदल्या रात्रीपासून डोंगरात पाऊस कोसळत होता. तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या एकदम चढल्या आणि पाणी बाजारपेठेत आणि काठावरच्या घरांत शिरले. कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला. तालुक्यात कित्येकांची गुरे वाहून गेली.

पाणी उतरल्यावर आपण सर्वांनी मिळून मदत गोळा केली. धान्य, तेल, चादरी, भांडी. ती कुणी दिली आणि किती दिली याचे देवाघरी नक्कीच मोल आहे. पण वाटपाची यादी आम्ही कार्यालयात बसून केली. ज्यांची नावे आमच्या वहीत होती आणि ज्यांच्याकडे रेशनकार्ड होते, ती कुटुंबे यादीत आली. पिशव्या उचलायला, टेम्पोत चढवायला आणि चिखलातून घरोघरी न्यायला तरुण मुले होती. दोन दिवस ती राबली.

शेवटच्या दिवशी कॉलेजात जाणारी एक मुलगी आमच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "फादर, मागच्या ओळीत भाड्याने राहणारे सगळे राहून गेले. त्यांची कार्डे गावाकडची आहेत." आम्ही तिला विचारले, "मग आधी का नाही सांगितलेस?" ती म्हणाली, "आम्हांला कुणी विचारलंच नाही."

त्या वेळी आम्ही काहीतरी बोलून विषय टाळला. मागच्या ओळीत मदत पोहोचली, पण उशिरा आणि उरलीसुरली. पिशव्या वाहणाऱ्या प्रत्येक मुलाला ती ओळ ठाऊक होती. यादी करणाऱ्या आम्हांला ठाऊक नव्हती. मुलांचे हात आम्ही मागितले, त्यांचे मत मागितले नाही. एलीइतकेही आमच्याकडून झाले नाही.

शिडीच्या कोणत्या पायरीवर?

रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकाने १९९२ साली युनिसेफसाठी मुलांच्या सहभागावर एक निबंध लिहिला. त्यात त्याने आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली आहे. खालच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग मानतच नाही. पहिल्या पायरीवर मोठी माणसे आपल्या कामासाठी मुलांना वापरून घेतात. दुसऱ्या पायरीवर मुले शोभेला असतात. तिसऱ्या पायरीवर एखाद्या मुलाला मंचावर बसवून दोन वाक्ये बोलायला लावतात, पण त्याच्या बोलण्याने काही बदलत नाही. वर चढत गेले, की मुलांना माहिती दिली जाते, मत विचारले जाते, निर्णयात भाग मिळतो. सर्वांत वरच्या पायरीवर काम मुलांनी सुरू केलेले असते आणि निर्णय मुले व मोठी माणसे मिळून घेतात.

सर्वांत वरच्या पायरीवरही मोठी माणसे आहेत, हे आपण ध्यानात घ्यावे. मुलांना मोकळे सोडून देणे म्हणजे सहभाग, असे त्यात म्हटलेले नाही.

आता आपला धर्मग्राम या शिडीवर ठेवून पाहा. सणाला मंडप कोण घालते? नाताळचा गोठा कोण उभारतो? मिरवणुकीत झेंडे कुणाच्या हाती असतात? खुर्च्या कोण मांडते आणि रात्री कोण उचलते? या सर्वांचे उत्तर एकच आहे. मग सल्लागार मंडळाच्या बैठकीत पंचविशीच्या आतले किती जण बोलतात? याचेही उत्तर आपणांस ठाऊक आहे.

पाहा, पारखा, करा

आता ख्रिस्तसभा काय शिकवते ते पाहू. जोसेफ कार्डाइन यांचा जन्म १८८२ साली बेल्जियममध्ये एका कष्टकरी कुटुंबात झाला. ते सेमिनरीत गेले आणि त्यांच्या शाळेतले सोबती गिरण्यांत आणि खाणींत कामाला लागले. सुटीत घरी आल्यावर त्यांना दिसले, की तेच सोबती आता त्यांच्याकडे परक्यासारखे पाहतात. धर्मगुरू होणारा माणूस म्हणजे मालकांच्या बाजूचा, असे त्यांना वाटत होते. हे शल्य कार्डाइन यांना जन्मभर टोचत राहिले.

पुढे धर्मगुरू झाल्यावर त्यांनी कामगार तरुणांचे छोटे गट बांधले. त्यांतून १९२५ च्या सुमारास तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ उभी राहिली. तिची रीत तीन शब्दांत मावते: पाहा, पारखा, करा. तरुणांनी आपल्या कारखान्यात, आपल्या गल्लीत काय चालले आहे ते स्वतः नीट पाहायचे. मग ते शुभवर्तमानाच्या उजेडात पारखायचे. आणि मग आपल्याला जमेल ते करायचे, कितीही लहान असले तरी. तरुणांमध्ये काम तरुणांनीच करावे, असा त्यांचा आग्रह होता. धर्मगुरूने सोबत असावे, पुढे पुढे करू नये.

ही रीत पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ सालच्या 'मातेर एत माजिस्त्रा' या परिपत्रकात सामाजिक शिकवण आचरणात आणण्यासाठी सांगितली. कार्डाइन यांना १९६५ साली कार्डिनल करण्यात आले. म्हणजे हे कुणी बाहेरून आणून आपल्या मुलांच्या डोक्यात घातलेले नाही. ते ख्रिस्तसभेच्याच घरातले आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही संत थॉमस अक्विनास यांचे विवेकावरील विवेचन वाचले होते. विवेकी माणूस आधी शोध घेतो, मग निर्णय करतो आणि मग तो कृतीत आणतो, असे ते मांडतात. कार्डाइन यांचे तीन शब्द याच वाटेने जातात. विवेकाच्या अंगांमध्ये संत थॉमस आणखी एक गोष्ट घालतात: शिकून घेण्याची तयारी. व्यवहाराच्या गोष्टी इतक्या नाना प्रकारच्या असतात, की एकट्या माणसाला त्या पुरत्या कळत नाहीत. म्हणून जाणत्या वडीलधाऱ्यांनाही काही बाबतींत दुसऱ्याकडून शिकावे लागते. परीक्षेपुरते हे आम्हांला पाठ होते. त्याचा अर्थ पुरानंतर त्या मुलीने शिकवला.

याहून जुना दाखला संत बेनेडिक्ट यांचा आहे. सहाव्या शतकातील त्यांच्या मठाच्या नियमावलीत असा नियम आहे, की महत्त्वाचा प्रश्न आला तर मठाधिपतीने सर्वांना सल्ल्यासाठी बोलवावे, कारण चांगली गोष्ट परमेश्वर पुष्कळदा धाकट्यालाच दाखवतो. आपल्या काळात, मार्च २०१८ मध्ये, तरुणांविषयीच्या बिशप परिषदेआधी पोप फ्रान्सिस यांनी जगभरातील सुमारे ३०० तरुणांना रोमला बोलावून त्यांचे म्हणणे ऐकले. त्या परिषदेनंतर २५ मार्च २०१९ रोजी त्यांनी 'ख्रिस्तुस विवित' हे पत्र दिले. पोप फ्रान्सिस २०२५ साली प्रभूघरी गेले, पण तरुण हे ख्रिस्तसभेचा उद्याच नव्हे तर आजही आहेत, ही त्यांची शिकवण आपल्याजवळ आहे.

मुंबईचा एक दाखला

"हे सगळे ठीक, पण गरीब वस्तीतल्या पोरांकडून काय होणार?" असे कुणी म्हणेल. त्यासाठी आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण घेऊ.

१९६० च्या दशकात जॉकिन अर्पुथम नावाचा तरुण कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावाहून मुंबईत आला. तो सुतारकाम करी आणि मानखुर्दच्या जनता कॉलनी या झोपडपट्टीत राही. तिथल्या मुलांना जमवून त्याने गाणी सुरू केली, त्यातून शाळा सुरू झाली. वस्तीत कचऱ्याचे ढीग साचत. एके दिवशी त्याने मुलांची सहलच काढली. प्रत्येकाने कागदात थोडा थोडा कचरा बांधून घ्यायचा. ती सारी मुले ओळीने चालत महापालिकेच्या कार्यालयापाशी गेली आणि आपापली पुडी तिथे ठेवून आली. एका पुडीने काही झाले नसते. पण सगळ्या मुलांच्या पुड्यांचा ढीग झाला, आणि वस्तीच्या कचऱ्याची दखल घ्यावीच लागली.

पुढचा इतिहास गोड नाही. १९७६ साली, आणीबाणीत, जनता कॉलनी पाडण्यात आली आणि तिथल्या लोकांना चित्ता कॅम्पमध्ये हलवण्यात आले. पण जॉकिन थांबले नाहीत. झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ त्यांनी उभा केला. १९८४ साली स्थापन झालेल्या 'स्पार्क' या संस्थेने १९८५ साली भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या कुटुंबांची गणती केली. पुढे महासंघ, 'स्पार्क' आणि 'महिला मिलन' यांनी मिळून काम केले. वस्तीने स्वतःची मोजणी स्वतः करायची, ही त्यांच्या कामाची एक मुख्य रीत झाली. जॉकिन यांना २००० साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते निवर्तले.

आपली गणती आपण केली म्हणजे काय होते? "आमच्याकडे पाणी येत नाही" ही तक्रार झाली. "या ओळीत इतकी घरे, इतके नळ, पाणी या वारी या वेळी येते आणि इतका वेळ टिकते" ही माहिती झाली. तक्रार ऐकून न ऐकल्यासारखी करता येते. तारीख घालून लिहिलेल्या माहितीला उत्तर द्यावे लागते.

मुंबईतलेच आणखी एक उदाहरण थोडक्यात. धर्मभगिनींच्या संस्थेने सुरू केलेल्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयातून जोगेश्वरीच्या वस्तीत तरुणांबरोबर काम सुरू झाले. त्यातूनच १९८४ साली 'युवा' ही संस्था जन्माला आली. आपल्या माणसांनी हा रस्ता आधीच चालून पाहिला आहे.

काही शंका

पहिली शंका: हे राजकारण आहे. गटार कुठे तुंबते, कोणत्या खांबावर दिवा नाही, पुरात कुणाची कागदपत्रे गेली, हे लिहून काढणे म्हणजे कोणत्याही पक्षाचा प्रचार नव्हे. त्या वहीत एकाही पुढाऱ्याचे नाव येणार नाही, असे मुलांनी स्वतःच ठरवले आहे. दुसऱ्या बाजूने पाहा. आपला देश १८ व्या वर्षी मताचा हक्क देतो. १९८९ पूर्वी त्यासाठी २१ वर्षांचे व्हावे लागे. ज्याला देश मत देऊ शकतो, त्याला आपण मत विचारू शकत नाही का?

दुसरी शंका: अभ्यासाचे नुकसान होते. ही आईबापांची खरी काळजी आहे आणि ती आम्ही हलकी मानत नाही. म्हणून परीक्षेच्या काळात काम बंद राहील. संध्याकाळी दिवेलागणीनंतर कुणी वस्तीत फिरणार नाही, आणि मुली गेल्या तर जोडीने जातील व सोबत एक मोठी बाई असेल. ही शिस्त पाळण्याची जबाबदारी आमची.

तिसरी शंका कुणी मोठ्याने बोलत नाही: मुले उद्या आपल्याही चुका मोजू लागतील. होय, लागतील. चर्चच्या आवारातला नळ, आपल्या सभागृहाचे भाडे, आमच्या कार्यालयाच्या वेळा, सगळे त्यांच्या नजरेत येईल. एलीच्या घराचा न्याय त्याच्याच मंदिरात वाढलेल्या मुलाच्या तोंडून आला. ते ऐकायची तयारी नसेल, तर मुलांना बोला म्हणू नये. तो खोटेपणा मुले लगेच ओळखतात, आणि मग ती आपल्याजवळ बोलत नाहीत. पुढे येईनाशीही होतात.

तरुणांनाही दोन शब्द. मुलांनो, शमुवेलाने ऐकले तेवढेच सांगितले, पदरचे घातले नाही. जे मोजले तेच लिहा. ऐकीव असेल तर 'ऐकीव' असे लिहा. घराघरातील दुखणी, भांडणे, कर्जे तुमच्या कानावर येतील. ती वहीत घालू नका आणि बाहेर बोलू नका. लोकांनी तुम्हांला दार उघडले, हा त्यांचा विश्वास आहे. संत पौल तरुण तीमथ्याला सांगतो, की तुझे तरुणपण कुणी तुच्छ लेखू नये, पण बोलण्यात, वागण्यात आणि प्रीतीत तू कित्ता हो (१ तीमथ्य ४:१२). दोन्ही वाक्ये एकत्र वाचा.

वहीचे पुढे काय?

वाचन झाले, टाळ्या झाल्या आणि वही कपाटात गेली, तर आपण हार्टच्या तिसऱ्या पायरीवरच राहू. म्हणून ठरवलेले क्रमाने सांगतो.

वहीतील कामांचे तीन भाग करू. पहिला, आपण स्वतः करू शकतो ती कामे: कागदपत्रांचे अर्ज भरून देणे, म्हाताऱ्या माणसांना बँकेत नेणे, पावसाळ्यापूर्वी कोणत्या घरात आजारी किंवा एकटी माणसे आहेत त्याची यादी ठेवणे. दुसरा, नगरपरिषदेला सांगायची कामे. त्यासाठी एका विषयाचा एक अर्ज, सोबत माहितीचा तक्ता, सह्या वस्तीतील लोकांच्या. अर्ज आवक विभागात द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घेऊन पोच जपून ठेवायची. उत्तर आले नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. हे भांडण नाही, नागरिकाची रीत आहे. बोलताना नम्रता ठेवू. तिथे बसलेली माणसेही आपल्यासारखीच आहेत.

तिसरा भाग धर्मग्रामाला सांगायची कामे. त्याचे उत्तर सल्लागार मंडळ देईल, लेखी देईल, आणि एका महिन्याच्या आत देईल. 'होय' असेल तर केव्हा, आणि 'नाही' असेल तर का. शिवाय मंडळात युवा गटाचे दोन प्रतिनिधी, एक मुलगा व एक मुलगी, बसावेत असा प्रस्ताव आम्ही मांडणार आहोत. आणि मदतीची कोणतीही यादी यापुढे वस्तीतल्या मुलांना दाखवल्यावाचून पुरी होणार नाही. हा आमचा शब्द.

पाच हजारांच्या भोजनाची हकिकत सर्व शुभवर्तमानांत आहे, पण पाच भाकरी आणि दोन मासे एका मुलाजवळ होते, हे संत योहानच सांगतो (योहान ६:९). फिलीप पैशांचा हिशेब करत बसला होता. त्या मुलाकडे अंद्रियाचे लक्ष गेले. एवढ्याने काय होणार, अशी शंका त्यालाही होती, तरी त्याने ती गोष्ट प्रभूच्या कानावर घातली. वडीलधाऱ्यांकडे एवढेच मागणे आहे. शंका असू द्या, पण मुलाला पुढे येऊ द्या.

घरी व गटात विचार करण्यासाठी

१. गेल्या वर्षभरात आपल्या घरातील तरुण मुलामुलीचे मत ऐकून आपण एखादा निर्णय बदलला का? कोणता?

२. आपल्या गल्लीतील असे कोणते घर आहे, जे कोणत्याही यादीत येत नाही?

३. आपल्याविरुद्ध जाणारे खरे बोल शेवटचे कुणाकडून ऐकले? तेव्हा आपण एलीसारखे वागलो का?

येत्या रविवारी मिस्सानंतर लगेच घरी जाऊ नका. सभागृहात या. पुढच्या खुर्च्या या वेळी वस्तीतील मंडळींसाठी ठेवल्या आहेत. आम्ही मागे बसणार आहोत.

प्रार्थना: हे प्रभो, तू लहान शमुवेलाशी बोललास आणि म्हाताऱ्या एलीला ऐकण्याचे बळ दिलेस. आमच्या मुलांना खरे बोलण्याचे धैर्य दे आणि आम्हांला ते ऐकण्याची नम्रता दे. नदीकाठच्या प्रत्येक घरावर तुझी सावली असू दे. आमेन.